दहा वर्षांचा पास आणि खजिनदाराची सही

पत्र :

अक्का, मी वडगावचा. वय २९. दिवसा एका पतसंस्थेत क्लार्क आहे आणि गेली तीन वर्षं आमच्या गल्लीच्या फुटबॉल क्लबचा खजिनदार. क्लब दर हंगामात स्वतःची स्पर्धा भरवतो. त्या सगळ्या सामन्यांचा पास हजार रुपयांना असतो. असे ३०० पास जातात, त्याचे ३ लाख. उद्यमबागेतल्या कारखानदारांच्या जाहिरातीचे २ लाख मिळतात. खर्च मात्र साडेसहा लाखांवर गेलाय, कारण बाहेरून आणलेल्या खेळाडूंवरच अडीच लाख जातात. दर वर्षी खड्डा पडत पडत देणं ६ लाखांवर आलं. त्यातले २ लाख एका सभासदाकडून महिना शेकडा दोन व्याजाने घेतलेले आहेत, बाकीचं देणं किटवाल्याचं आणि मैदानवाल्याचं.

आता अध्यक्ष अण्णांनी योजना काढलीय. गणपतीत १० वर्षांचा पास ७ हजारांना विकायचा. २०० जणांनी घेतला की १४ लाख येतात. देणं फिटतं, वर ८ लाख शिल्लक. पासच्या मागे ‘क्लब बंद पडल्यास पैसे परत’ असं छापायचं आणि खाली माझी सही. मी शंका काढली तर अण्णा म्हणाले, “कशाला भियालास रे? परदेशातले मोठे मोठे क्लब हेच करतात.” माझे बाबा यंत्रमागावर आहेत. पहिला पास त्यांनीच सांगून ठेवलाय. रविवारी कमिटीची बैठक आहे. सही करू का?

– एक खजिनदार, बेळगाव

उत्तर :

दादा, सही करू नका. रविवार तोंडावर आलाय म्हणून हे आधी सांगून टाकते, कारणं आता सावकाश सांगते.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझा थोरला भाऊ लेफ्ट बॅकला खेळायचा. कॅम्पातल्या सेंट पॉल्सच्या मैदानावर पावसात त्याचा सामना असला की आई त्याच्यासाठी कोरडा टॉवेल माझ्या हातात देऊन मला पाठवायची. चिखलात माखलेली ती पोरं, रेषेच्या कडेला छत्र्या धरून उभी असलेली माणसं, हे सगळं मला आजही तसंच्या तसं दिसतं. म्हणून तुमचा क्लब बुडावा असं मला एक क्षणही वाटत नाही. अण्णांच्या मनातही खोट असेल असं पत्रावरून दिसत नाही. त्यांना क्लब वाचवायचाय. पण ज्या वाटेने ते निघालेत त्या वाटेवर क्लब सव्वादोन वर्षांत पुन्हा इथेच येऊन उभा राहील, आणि तेव्हा त्याच्या अंगावर २०० माणसांचं नवं देणं असेल.

सव्वादोन वर्षं हा आकडा तुमच्याच पत्रातून आलाय. आज ३०० पासांचे ३ लाख येतात. १० वर्षांचा पास कोण घेणार? जो दर वर्षी न चुकता घेतो, तोच. म्हणजे तुमच्या ३०० मधले सगळ्यांत भरवशाचे २०० जण पुढची १० वर्षं क्लबला पासापोटी एक रुपया देणार नाहीत. राहिले १००. त्यांचा १ लाख, जाहिरातीचे २ लाख, एकूण ३ लाख. खर्च साडेसहा लाख. म्हणजे आज दीड लाखाचा असलेला खड्डा साडेतीन लाखांचा होतो. खर्चातून सावकारी व्याजाचे वर्षाला ४८ हजार वजा होतील हे खरं, पण १० वर्षांत भाडं, जेवण, प्रवास, पंचांचं मानधन काय तेवढंच राहील? ते एकमेकांत जाऊ द्या. शिल्लक ८ लाखांना साडेतीन लाखांनी भागा. तिसरा हंगाम सुरू होऊन थोडेच दिवस होतील आणि खातं रिकामं. त्यानंतरचे पावणेआठ हंगाम तुम्ही २०० जणांना आधीच विकलेले असतील.

आणि त्या वेळी मदत मागायला जायचं कुणाच्या दारात? ज्यांच्याकडे हक्काने जाता आलं असतं, त्यांच्याकडून तुम्ही सगळं आधीच घेऊन बसलेले असाल.

तुम्ही पतसंस्थेत काम करता म्हणून तुमच्या भाषेत सांगते. कुणी काउंटरवर येऊन १० वर्षांची मुदत ठेव ठेवली, तर ती रक्कम तुम्ही ताळेबंदात कुठे मांडता? देण्याच्या बाजूला. पैसे तिजोरीत आले म्हणून कुणी ते संस्थेचं उत्पन्न धरत नाही. पासाचंही तसंच आहे. ७ हजारांतले पहिल्या वर्षी ७०० तुमचे झाले, उरलेले ६,३०० म्हणजे अजून न दिलेल्या ९ हंगामांचं देणं. अण्णांच्या योजनेत ६ लाखांचं देणं फिटत नाही. ते थोड्या माणसांकडून पुष्कळ माणसांकडे सरकतं आणि वाढून १४ लाख होतं. किटवाला निदान फोन करून तगादा लावतो. तुमचे बाबा तगादा लावणार नाहीत.

जांबोटीच्या बाजूला आमची काजूची थोडी बाग होती. माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी ती तीन वर्षांसाठी एका व्यापाऱ्याला खंडाने दिली आणि रक्कम एकदम आगाऊ उचलली. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी बागेतलं रान काढायचं कोणी, यावरून अडलं. व्यापारी म्हणे झाडं तुमची, वडील म्हणत बी तुझी. तिसऱ्या वर्षी तर वडील तिकडे फिरकेनात. कष्ट करून हाती काही येणार नाही हे ठाऊक असलं की चांगल्या माणसाचाही पाय तिकडे वळत नाही. बाग परत हातात आली तेव्हा वेलींनी झाडं वेढून टाकली होती. तुमच्या क्लबमध्ये चौथ्या-पाचव्या वर्षी हेच होईल याची मला खरी भीती वाटते. नवीन कमिटी येईल, म्हणेल हे २०० पास जुन्यांनी विकले, पैसे जुन्यांनी खर्चले, आम्ही का यांच्या खुर्च्या पुसायच्या?

परदेशातले क्लब हेच करतात, असं अण्णा म्हणाले. काहींनी केलंय, ते खोटं नाही. पुढे काय झालं तेही अण्णांना सांगा.

इंग्लंडचा लीड्स युनायटेड २००१ साली चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. संघ तरुण, गाव वेडं झालेलं. त्याच वर्षी क्लबने पुढे येणाऱ्या तिकिटांच्या उत्पन्नावर ६ कोटी पौंड उचलले, २५ वर्षांच्या मुदतीने. दर वर्षी चॅम्पियन्स लीग खेळायला मिळेल आणि हप्ते आरामात जातील, असा हिशोब होता. पण पुढच्या हंगामात ती जागाच मिळाली नाही. २००२ मध्ये रिओ फर्डिनांडला विकावं लागलं, मग एकेक करत बाकीचे गेले. २००४ मध्ये संघ इंग्लंडच्या सगळ्यांत वरच्या प्रीमियर लीगमधून खाली आला आणि त्याच वर्षी स्वतःचं एलंड रोड मैदान विकून तिथेच भाड्याने राहायची वेळ आली. २००७ मध्ये देणी भागेनात म्हणून क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला, तिसऱ्या पातळीवर घसरला. वरच्या लीगमध्ये परत यायला २०२० उजाडलं. २००१ मध्ये दहा वर्षांचं असलेलं पोर तोवर २९ वर्षांचं झालं होतं, तुमच्या वयाचं.

दुसरी गोष्ट ग्लासगोच्या रेंजर्सची, आणि ती मला जास्त लागते. मे २०११ मध्ये क्रेग व्हाइट यांनी हा क्लब १ पौंडाला घेतला. बँकेचं सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांचं कर्ज फेडायचं त्यांनी कबूल केलं होतं, आणि ते फिटलंही. लोक खूश झाले. पैसे कुठून आले ते नंतर उघड झालं. टिकेटस नावाच्या कंपनीला पुढच्या काही हंगामांचे पास आगाऊ विकून २ कोटी पौंडांहून जास्त रक्कम उचलली होती. म्हणजे प्रेक्षक पुढच्या वर्षी रांगेत उभे राहून जे पैसे देणार होते, ते त्यांनी द्यायच्या आधीच जुन्या कर्जात गेले होते, आणि त्यांना याची कल्पना नव्हती. रोजचा खर्च भागेना तेव्हा कराचे पैसे थकले. १४ फेब्रुवारी २०१२ ला प्रशासक आले. जूनमध्ये कर खात्याने तडजोड नाकारली, जुनी कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि संघाला नव्या कंपनीखाली चौथ्या पातळीवरून खेळायला लागलं. पुढे २०१७ मध्ये व्हाइट यांच्यावर फसवणुकीचा खटला चालला, त्यात ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवलं. हे मी मुद्दाम सांगतेय. कोर्टात कुणी दोषी ठरलं नाही तरी क्लबचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. अण्णा सच्चे आहेत एवढ्यावर योजना सुरक्षित होत नाही.

रेंजर्सच्या लोकांनी मात्र पाठ फिरवली नाही. चौथ्या पातळीवरच्या त्या हंगामातही घरच्या सामन्याला सरासरी ४० हजारांहून जास्त माणसं यायची. तुमच्या बाबांसारखीच ती. संघ कुठेही असो, ही माणसं येणारच असतात, आणि म्हणून त्यांच्याकडून आगाऊ उचलणं सगळ्यांत सोपं वाटतं.

आपल्याकडेही फार वेगळं नाही. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. हैदराबादच्या संघात खेळाडूंचे पगार थकले. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगामच लांबणीवर पडला, कारण फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचं काही ठरलं नव्हतं. ऑगस्टमध्ये आपल्या राज्यातल्या बेंगळुरू एफसीने खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार तात्पुरते थांबवले. त्यांच्या मागे मोठा उद्योगसमूह आहे, तरीही पुढचा एक हंगाम होईल की नाही हे कुणी सांगू शकत नव्हतं. आपण वडगावच्या गल्लीत बसून १० हंगामांची हमी सहीनिशी कशी द्यायची?

आता त्या छापायच्या ओळीबद्दल. ‘क्लब बंद पडल्यास पैसे परत’. लोकांना धीर यावा म्हणून ती सुचली असेल, पण मला सगळ्यांत जास्त काळजी तिचीच वाटते. क्लब बंद पडतो तेव्हा त्याच्याकडे पैसे नसतात, म्हणूनच तो बंद पडतो. मग परत द्यायचे कुठून? शिवाय कायद्याचा भाग आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा कायदा आहे. परत द्यायच्या वचनावर घेतलेले पैसे, मग ते रोखीने परत द्यायचे असोत की एखाद्या सेवेच्या रूपात, त्यात ठेव म्हणून धरले जाऊ शकतात. रोजच्या व्यवहारातली खरीखुरी आगाऊ रक्कम त्यातून वगळलेली आहे, पण तुमचा १० वर्षांचा पास कोणत्या बाजूला पडेल हे जाणकार वकिलाने सांगितल्याशिवाय एकही पास छापू नका. कंपन्यांच्या ठेवींबाबत २०१४ चे नियम आहेत. त्यांत वस्तू किंवा सेवेपोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत त्या कामी लागली पाहिजे, नाहीतर ती ठेव मानली जाते. तुमचा क्लब कंपनी नाही, नोंदणीकृत संस्था असेल. तरी आगाऊ पैशाला कायदा किती दिवस आगाऊ मानतो, याचा अंदाज त्यावरून येतो. तिथे एक वर्ष आहे, अण्णा दहा म्हणतायत. आणि पासवाल्याला जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं आहेच. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. तक्रारीच्या कागदावर पहिलं नाव त्याचं येईल, ज्याची पासावर सही आहे. पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या माणसाला ते परवडणारं नाही.

मग ६ लाखांचं काय करायचं? खरा प्रश्न हाच आहे.

बाहेरचे खेळाडू दोन-तीन हंगाम थांबवा. मला माहीत आहे, हे वाचून तुमच्या पोटात गोळा येईल. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ परदेशी खेळाडू उतरवतात, ते बघून आपल्याकडच्या प्रत्येक क्लबला वाटतं आपणही आणावेत. पण कोल्हापूरची ती गर्दी आणि त्या पेठांची वर्गणी आपल्याकडे नाही. ते अडीच लाख काढले की खर्च ४ लाखांवर येतो, उत्पन्न ५ लाख. दर वर्षी १ लाख हातात राहतो. पहिल्या दोन वर्षांत सावकारी २ लाख फेडून टाका. त्याचं व्याज बंद झालं की वर्षाला दीड लाखाच्या आसपास उरेल, आणि बाकीचे ४ लाख आणखी पावणेतीन वर्षांत फिटतात. एकूण पाच वर्षंसुद्धा लागत नाहीत. त्या काळात वडगाव-शहापूरची पोरं खेळतील, हरतीलही. मी तरी ती बघायला आवडीने येईन.

किटवाल्याकडे आणि मैदानवाल्याकडे तुम्ही स्वतः जा. वही उघडून दाखवा, हप्ता ठरवून घ्या, लेखी घ्या. बँकेत मी ३१ वर्षं काढली. जो माणूस आपणहून कागद घेऊन समोर येतो त्याला मुदत मिळते, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. तोंड चुकवणाऱ्याला मिळत नाही.

गणपतीत लोकांपुढे जायचंच असेल तर देणगी म्हणून मागा. पावतीवर स्वच्छ लिहा की ही देणगी आहे, परत मिळणार नाही, जुनं देणं फेडायला वापरली जाईल. आपली माणसं मंडळाला वर्गणी देतात तेव्हा परत मागत नाहीत, कारण काय देतोय हे त्यांना देतानाच माहीत असतं. कुणी ५०० देईल, कुणी ५ हजार. रक्कम १४ लाखांच्या जवळपासही जाणार नाही. पण जी येईल ती तुमची असेल.

कमिटी अगदीच ऐकेना आणि एकापेक्षा जास्त वर्षांचा पास काढायचाच असं ठरलं, तर तीन वर्षांच्या पुढे जाऊ नका, वकिलाला आधी विचारा आणि पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. दर हंगाम सुरू झाला की त्या हंगामाचा तिसरा हिस्साच काढायचा. खात्यावर तीन सह्या, त्यांतली एक पासवाल्यांनी निवडलेल्या माणसाची. जुन्या देण्याला त्यातला पैसा लावायचा नाही. ही शेवटची अट ठेवली की योजनेतला रस कमिटीतल्या बऱ्याच जणांना राहणार नाही, आणि ते बरंच आहे.

पैसे मोठे हवे असतील तर बदल्यात हक्कही मोठा द्यावा लागतो. इंग्लंडचा पोर्ट्समथ २००८ मध्ये एफए कप जिंकला आणि २०१० मध्ये प्रीमियर लीगमध्ये असतानाच प्रशासकांकडे गेला. २०१३ मध्ये तो वाचवला तो प्रेक्षकांनी, हजार हजार पौंडांचे शेअर घेऊन. जोखीम होतीच, पण ते मालक झाले, त्यांना मत मिळालं, हिशोब मागता आला. तुमच्या अण्णांच्या पासात पैसे देणाऱ्याला मत कुठे आहे? सभासदत्व खुलं करा, माफक वर्षाची फी ठेवा, सर्वसाधारण सभेत सगळ्यांपुढे जमाखर्च वाचा. त्या सभेत यंत्रमागावरचा माणूस उठून ‘हे अडीच लाख कुणाला दिले’ असं विचारू शकला पाहिजे.

बाबांच्या पासाबद्दल. त्यांनी पहिला पास सांगून ठेवला तो फुटबॉलसाठी असेलच, पण मुलगा खजिनदार आहे म्हणूनही असेल. त्यांना आज संध्याकाळी कामावरून आले की समोर बसवा आणि वरचं गणित सांगा. एक वर्षाचा हजाराचा पास घ्या म्हणावं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा घ्या.

आणि रविवारच्या बैठकीची वाट पाहू नका. सगळ्यांसमोर अण्णांना ‘तुमची योजना चुकली’ म्हटलंत तर ते अडून बसतील, कुणीही बसेल. शनिवारीच त्यांच्या घरी एकटे जा, वही घेऊन. दोन रकाने करा, एकीकडे आजचा हिशोब, दुसरीकडे २०० पास गेल्यानंतरचा. तिसऱ्या हंगामाची ओळ त्यांनाच वाचायला सांगा. एवढी वर्षं क्लब सांभाळलेल्या माणसाला ती ओळ कळेल असं मला वाटतं. न कळली तर खजिनदारपदाचा राजीनामा लिहून खिशात ठेवा, पण वही मात्र पूर्ण करून, शेवटच्या पावतीपर्यंत जुळवून त्यांच्या हातात द्या. काय झालं ते मला कळवा.